पहिला पोहरा परक्याचा

फार फार जुनी गोष्ट. एवढी जुनी, की तेव्हा वाळवंटात रस्ते नव्हते आणि तारे बघून उंट हाकावे लागत. इब्री लोकांच्या, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांच्या, एका कुळाचा एक म्हातारा प्रमुख होता. त्याचं नाव काय, त्याच्या बायकोचं नाव काय, असं विचाराल तर मला ठाऊक नाही. नावांवाचून गोष्टीचं काही अडत नाही. पाण्यावाचून मात्र अडतं, आणि आपली गोष्ट पाण्याचीच आहे.

हा म्हातारा आधी एका मोठ्या नदीकाठी राहत असे. पक्क्या विटांचं घर, दारात खजुराची झाडं, गोठ्यात शेळ्यामेंढ्या. खाऊनपिऊन सुखी होता. पोटी मूल नव्हतं, पण धाकट्या भावाचा मुलगा त्यानं वाढवला होता आणि तो आता चांगला दांडगा गडी झाला होता.

एके सकाळी म्हातारा शेळीची धार काढत बसला असताना त्याला आवाज आला. कानात आला की काळजात, हे त्यालाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पण आवाज कोणाचा, याबद्दल त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती. परमेश्वर त्याच्याशी बोलत होता.

"ऊठ, चालू लाग. मी तुला राहायला जागा देणार आहे. कुठे थांबायचं, ते तुला एक परका माणूस सांगेल. तोवर जाशील तिथे विहीर खण. प्रत्येक नव्या विहिरीचा पहिला पोहरा परक्याला पाज. तो प्यायल्याशिवाय तुझ्या माणसांनी त्या पाण्याला ओठ लावायचे नाहीत. आणि पाण्यावरून कोणाशी भांडायचं नाही."

म्हातारा धारेचं भांडं तसंच हातात घेऊन घरात आला.

"अगं, आवराआवर कर. आपल्याला निघायचंय."

म्हातारी भाकरी भाजत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "कुठं?"

"ते नाही सांगितलं."

"किती दिवसांचं सामान घेऊ?"

"तेही नाही सांगितलं."

"मग सांगितलं काय?"

म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं. म्हातारी भाकरी उलटायची विसरली, मग ती करपली, मग तिला हसू आलं. हसणं हा तिचा स्वभावच होता. दुसऱ्या बायका कपाळाला हात लावतात तिथे ही हसायची.

"म्हणजे घर सोडायचं, भलत्याच मुलखात विहिरी खणायच्या, आधी लोकांना पाजायचं, आणि कोणीतरी वाटसरू थांब म्हणेल तेव्हा थांबायचं. बरं आहे! माझं जातं तेवढं घ्या उंटावर, वाटेत दुसरं मिळायचं नाही."

आणि ती निघाली. म्हाताऱ्याला आवाज ऐकू आला होता म्हणून तो निघाला. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी ती निघाली. माझ्या मते दोघांत तिची हिंमत जास्त, पण ते राहू द्या.

तर म्हातारा-म्हातारी, पुतण्या, गुराखी, त्यांची बायकापोरं, शेळ्या, मेंढ्या, उंट आणि एक पिवळा कुत्रा असा सगळा कबिला वाळवंटात शिरला. वर्षामागून वर्षं गेली. तंबू ठोकायचे, विहीर खणायची, चारा संपला की तंबू काढायचे. पहिल्या पोहऱ्याचा नेम म्हाताऱ्यानं कधी चुकवला नाही. तेव्हा ते ज्या वाटांनी जात, तिथे परक्यांची काही वाण नव्हती. कधी मिठाचे व्यापारी यायचे, कधी चुकलेला धनगर, कधी सासरी निघालेली नवरी आणि तिचे चार भाऊ. सगळे पाणी प्यायचे, मिशा पुसायचे, "पाणी झकास आहे हो!" म्हणायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. "थांबा" असं कोणीच म्हणत नसे.

"यांच्यात नसेल तो," म्हातारा म्हणायचा.

"पुढच्या विहिरीवर असेल," म्हातारी म्हणायची, आणि जातं उंटावर चढवायची.

असं करता करता ते एका सरदाराच्या मुलखाजवळ आले. सरदाराचं शहर दगडी तटाच्या आत होतं. त्याला बातमी लागली की कोणी तंबूवाले येऊन विहीर खणताहेत. सरदार धसकला. "आज विहीर खणतील, उद्या तिच्याभोवती भिंत घालतील, परवा म्हणतील ही जमीन आमची," तो म्हणाला. त्यानं आपल्या एका चाकराला फावडं दिलं, गाढव दिलं आणि विहीर बुजवायला धाडलं.

आता त्या वाळवंटात एक रिवाज होता, आणि तो सरदारापासून भिकाऱ्यापर्यंत सगळे पाळत. ज्या विहिरीचं पाणी प्यायलं, तिच्यात माती टाकायची नाही. टाकली, तर त्या माणसाला अन्नपाणी गोड लागत नाही, असं सगळे मानत. म्हणून हा चाकर आपलं पाणी कातडी मसकेत भरून सोबत आणायचा. विहिरीच्या काठावर उभा राहून मसकेतलं पाणी प्यायचा आणि विहिरीत माती लोटायचा.

माणूस तसा वाईट नव्हता. उन्हानं रापलेला, एका खांद्यानं वाकलेला, कमी बोलणारा. त्याच्या गाढवाचा एक कान अर्धा तुटलेला होता. हुकमाचा ताबेदार, दुसरं काय?

त्यानं विहीर बुजवली तेव्हा पुतण्या लाठी घेऊन धावला. म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला.

"काका, सोडा! एकटा तर आहे तो! एका तडाख्यात..."

"पाण्यावरून भांडायचं नाही, असं सांगितलंय."

"तुम्हाला सांगितलंय. मला कुठं सांगितलंय?"

"आता मी सांगतोय ना तुला."

पुतण्यानं लाठी फेकली आणि रागानं एका दगडाला लाथ मारली. दगडाला काही झालं नाही, याचा मात्र अंगठा सुजला. कबिला आणखी आत सरकला. दुसरी विहीर खणली. तोच चाकर, तेच गाढव, पुन्हा माती. कबिला आणखी आत गेला, जिथे वाटसरू तर सोडाच, वाटसुद्धा नव्हती. सगळीकडे वाळू, खडक आणि वर गरगरणारी एखादी घार.

इथे तिसरी विहीर खणायला घेतली, आणि इथेच आपली गोष्ट खरी सुरू होते.

खणता खणता गडी मेटाकुटीला आले. खडक लागला, तो फोडला. खाली वाळू लागली, ती उपसली. इकडे पखाली रिकाम्या होत चालल्या होत्या. शेळ्या आटल्या. मोठ्या माणसांनी आपला वाटा कमी करून पोरांना दिला, आणि म्हातारा तर सकाळपासून नुसता खडा चघळत होता. ऐन दुपारी खालून पुतण्याची आरोळी आली.

"काका! पाणी!"

सगळा कबिला काठावर गोळा झाला. खाली पाणी चमकत होतं. झरा असा जोरात लागला होता की पुतण्या वर चढेपर्यंत गुडघाभर पाणी झालं. पोरं नाचायला लागली. बायकांनी हंडे आणले. शेळ्यांना वास लागला, त्यांनी ओरडून आकाश डोक्यावर घेतलं.

म्हाताऱ्यानं पोहरा सोडला, भरून वर ओढला, काठावर ठेवला आणि त्याच्याशेजारी मांडी घालून बसला.

"पहिला पोहरा परक्याचा," तो म्हणाला.

नाच थांबला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग सगळ्यांनी चारी दिशांना पाहिलं. चारी दिशांना काहीही नव्हतं.

"काका," पुतण्या हळूच म्हणाला, "परका यायचा कुठून? इथे साप यायला कंटाळतो."

"येईल."

"कशावरून?"

"ज्यानं सांगितलं, त्याला ठाऊक आहे की इथे वाट नाही. तरीही त्यानं नेम बदललेला नाही. त्या अर्थी येईल."

बोलायला म्हातारा बोलला, पण तो काही दगडाचा नव्हता. पोरांचे सुकलेले ओठ त्याला दिसत होते. शेवटच्या पखालीच्या तळाशी पोरांपुरतं पाणी होतं, तेही संध्याकाळपर्यंतच. ते संपेपर्यंत कोणी आलं नाही तर काय करायचं? नेम मोडायचा, की पोरांना रडवायचं? परमेश्वर तर त्या दिवशी अगदी गप्प होता. मोठ्या परीक्षेच्या वेळी गुरुजी गप्पच बसतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

म्हातारीनं त्याच्या डोक्यावर आपल्या ओढणीची सावली धरली. "मी हसत नाहीये हं," ती म्हणाली. "पण पखाल हलवून पाहिली मी. आवाज फार थोडा येतो."

"मलाही तो ऐकू येतोय," म्हातारा म्हणाला.

पुतण्याला काही एका जागी बसवेना. तो उठला आणि तंबूंच्या मागे दिसेनासा झाला. थोड्या वेळानं समोरच्या टेकाडावरून एक माणूस उतरताना दिसला. अंगावर घोंगडं, तोंडावर फडकं, कपाळाला राख. हातात काठी टेकत, खोकत खोकत तो विहिरीपाशी आला.

"राम राम... आपलं, शांती असो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी लांबच्या देशचा व्यापारी आहे. फार तहान लागली आहे. मी अगदी परका आहे बरं का."

कोणी काही बोलायच्या आत पिवळा कुत्रा धावत आला आणि व्यापाऱ्याभोवती उड्या मारू लागला. त्याची शेपूट थांबेना. पाठोपाठ एक करडू आलं. त्याला रोज मीठ चाटवणारा हात त्यानं ओळखला होता. ते व्यापाऱ्याची बोटं चाटू लागलं.

"हट! हट मेल्या! मी परका आहे!" व्यापारी दबक्या आवाजात म्हणाला.

म्हातारीनं त्याच्या पायाकडे पाहिलं. "व्यापारीबुवा, लांबच्या देशात चपला कोण शिवतं हो? तुमच्या चपलेचा अंगठा तर माझ्या हातचा दिसतोय. आणि बोट अजून सुजलेलंच आहे की!"

झालं! सगळा कबिला कोरड्या घशानं हसला. म्हातारासुद्धा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पुतण्यानं फडकं काढलं, घोंगडं भिरकावलं आणि मटकन खाली बसला.

"मग परका पैदा कुठून करू, ते तरी सांगा!"

"पैदा नाही करायचा, बाळा. वाट पाहायची," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या कपाळाची राख आपल्या उपरण्यानं पुसून दिली.

ऊन उतरलं. शेवटच्या पखालीतलं पाणी पोरांना वाटून झालं. म्हातारीनं पखाल उलटी केली, तिच्यातून एक थेंबही पडला नाही. तिनं पखाल घडी करून मांडीवर ठेवली. एक लहान पोर पोहऱ्यापाशी येऊन नुसतंच पाण्याकडे बघत उभं राहिलं. म्हाताऱ्यानं त्याला जवळ घेतलं.

आणि तेव्हा कुत्रा भुंकला.

या वेळी शेपूट हलत नव्हती. दूर धूळ उठली होती. धुळीतून एक माणूस येत होता, एका खांद्यानं वाकलेला. त्याच्या मागे अर्ध्या कानाचं गाढव होतं, आणि गाढवाच्या पाठीवर फावडं.

"तो!" पुतण्या ओरडला. "विहिरी बुजवणारा!"

म्हातारा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "आला," तो म्हणाला. "परका आला!"

चाकर काठापाशी आला तेव्हा त्याची अवस्था बघवत नव्हती. या खेपेला विहीर इतकी आत होती की त्याची मसक अर्ध्या वाटेतच रिकामी झाली होती. जीभ टाळूला चिकटली होती. गाढव मान खाली घालून धापा टाकत होतं. सरदारानं मात्र त्याला सांगितलं होतं, "ते लोक भांडत नाहीत. तू एकटा पुरेसा आहेस. बुजवल्याशिवाय परत येऊ नकोस."

म्हाताऱ्यानं पोहरा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला. "या पाहुणे. पहिला पोहरा तुमचा."

चाकरानं पाण्याकडे पाहिलं. मग त्यानं नजर वळवली. "नको."

"नको?" सगळा कबिला एका सुरात ओरडला.

"मी प्यायलो तर मला माती टाकता येणार नाही. रिवाज आहे. आणि माती टाकायला तर आलोय मी. हुकूम आहे."

आता बघा गंमत. भरलेली विहीर मध्ये. एका बाजूला कबिला तहानलेला; परका प्यायला नाही म्हणून त्यांना पिता येत नाही. दुसऱ्या बाजूला परका तहानलेला; तो प्यायला तर त्याचा हुकूम मोडतो. दोघेही आज्ञाधारक, आणि पाणी बिचारं मध्ये ताटकळतंय. अशी अडचण मी तरी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत ऐकलेली नाही.

हा तिढा कोणी सोडवला? गाढवानं! त्याला ना हुकूम ठाऊक, ना रिवाज. ते चाकराच्या काखेखालून पुढे आलं, पोहऱ्यात तोंड खुपसलं आणि सुर्र सुर्र करत सगळं पाणी पिऊन टाकलं. मग तोंड वर करून असं काही रेकलं, की घार उडून गेली.

मग पुतण्यानं टाळी वाजवली. "प्यायला! परका प्यायला!"

"अरे, ते गाढव आहे," म्हातारा म्हणाला.

"असू दे की!" म्हातारी पुढे सरसावली. "आपलं आहे का ते? नाही. बाहेरून आलंय का? हो. मग परकंच झालं. पोरांचे ओठ फुटलेत, आता गाढवाची जातकुळी काढत बसू नका."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "पोरांना पाजा. जनावरांना पाजा. सगळे प्या. पखाली भरून घ्या."

मग काय विचारता! पोहऱ्यांवर पोहरे वर आले. पोरं प्यायली, अंगावर सांडून घेऊन पुन्हा प्यायली. बायकांनी पिऊन तोंडं धुतली. शेळ्या पिऊन गप्प झाल्या. पुतण्यानं वाडगा भरून तोंडाला लावला, एक घोट घेतला, आणि थांबला. त्याचा काका तसाच उभा होता, कोरडा.

"काका, प्या ना! नेम पाळला गेला की आता."

"गाढव आपल्या मनानं प्यायलं," म्हातारा म्हणाला. "मला परक्याला पाजायला सांगितलं होतं. मी अजून कोणाला पाजलं कुठे? परका तर तहानलेलाच उभा आहे."

पुतण्याच्या घशाखाली दुसरा घोट उतरेना. त्यानं वाडगा खाली ठेवला आणि काकाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. म्हातारीनं तर हातातला वाडगा अजून ओठांना लावलाच नव्हता.

म्हाताऱ्यानं आणखी एक पोहरा काढला आणि विहिरीपासून दूर, तंबूच्या सावलीत नेऊन ठेवला. मग चाकराकडे आला.

"पाहुणे, तुमचा हुकूम तुम्ही मोडू नका, आणि रिवाजही मोडू नका. आमच्या पखाली भरल्या आहेत. आता तुम्ही विहीर बुजवा. आम्ही आडवे येणार नाही. बुजवून झाली की त्या सावलीत बसा आणि तो पोहरा निवांत प्या. विहीरच उरली नाही, तर रिवाज कशाचा मोडणार? तुम्ही प्यायलात की आम्हीही दोन घोट घेऊ आणि पुढे जाऊ."

असं म्हणून त्यानं गाढवाच्या पाठीवरचं फावडं काढलं आणि चाकराच्या हातात दिलं.

पुतण्याच्या मुठी वळल्या. ती विहीर त्यानं स्वतः खणली होती. खडक फोडताना त्याच्या हातांची सालपटं निघाली होती. तो काहीतरी बोलणार होता, पण त्यानं काकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुठी सोडल्या. रडू मात्र त्याला आवरलं नाही.

चाकर फावडं घेऊन मातीच्या ढिगाकडे गेला. त्यानं फावडं भरलं, उचललं, विहिरीवर धरलं. खाली पाण्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, काळं पडलेलं, ओठ फुटलेलं. आजवर त्याला खूप जणांनी शिव्या दिल्या होत्या, दगड मारले होते, कुत्री सोडली होती. शिव्या खाऊन माती टाकणं सोपं असतं. इथे मात्र एक म्हातारा त्याच्यासाठी पाणी सावलीत ठेवून स्वतः तहानलेला उभा होता. आणि ज्या सरदारासाठी तो एवढी तंगडतोड करत आला, त्या सरदारानं निघताना त्याची मसक भरली आहे की नाही, हेही विचारलं नव्हतं.

त्यानं फावड्यातली माती परत ढिगावर टाकली. फावडं ठेवलं. सावलीत गेला, गुडघ्यांवर बसला, पोहरा उचलला आणि प्यायला. खूप वेळ प्यायला. मग मिशा पुसल्या.

"गोड आहे," तो म्हणाला.

मग त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "म्हातारबाबा, किती फिराल या वयात? आता कुठं जाऊ नका. इथंच थांबा."

म्हातारीच्या हातातला वाडगा खाली पडला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसली. बिचाऱ्या चाकराला कळेना की आपण एवढं काय बोललो. म्हातारा मात्र वाळूत कपाळ टेकून कितीतरी वेळ तसाच होता. उठला तेव्हा दाढीला वाळू लागली होती.

"अहो, आता तरी प्या!" म्हातारी म्हणाली, आणि तिनं पोहरा त्याच्या तोंडाशी धरला. तो प्यायल्यावर ती प्यायली, आणि मग पुतण्यानं आपला दुसरा घोट घेतला.

सरदाराचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. चाकरानं परत जाऊन खरं ते सांगितलं. "मी प्यायलो. आता माझ्याच्यानं बुजवणं होणार नाही."

सरदार संतापून स्वतःच निघाला. भर उन्हात घोडा दामटत आला. पोचेपर्यंत त्याच्याही तोंडाला फेस आला होता. म्हाताऱ्यानं त्याच्यापुढेही पोहरा धरला, कारण सरदार झाला तरी परकाच की! सरदारानं पोहऱ्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. तिच्याभोवती भिंत नव्हती. पहारेकरी नव्हता. काठावर त्याच्याच शहरातल्या दोन धनगरांच्या मेंढ्या पाणी पीत होत्या, आणि पुतण्या त्यांना पोहरे ओढून देत होता.

"ज्यांचा पहिला पोहरा आपला," मागून आलेला चाकर म्हणाला, "त्यांच्या विहिरीला भ्यायचं काय, सरकार?"

सरदार घोड्यावरून उतरला. रिवाज त्याला ठाऊक होता. आपण प्यायलो की संपलं, हेही ठाऊक होतं. तरी तो प्यायला. मग म्हणाला, "गोड आहे," आणि आणखी एक पोहरा मागितला.

पुढे त्या विहिरीकडे चारी दिशांनी वाटा झाल्या. जिथे साप यायला कंटाळत होता, तिथे बाजार भरू लागला. म्हाताऱ्याची माणसं तिथेच वसली. म्हातारीचं जातं उंटावरून उतरलं ते कायमचं. नेम मात्र त्यांनी सोडला नाही. रोज उजाडताच पहिला पोहरा काठावर भरून ठेवत, जो कोणी येईल त्याच्यासाठी. आणि अर्ध्या कानाचं ते गाढव जिवंत असेपर्यंत, तो पोहरा बहुतेक तेच पिऊन जाई. त्याला कोणी कधी हाकललं नाही.

तात्पर्य: आज्ञा पाळायची तर विश्वासानं आणि मनापासून पाळावी, पळवाटेनं तहान भागते, पण मुक्काम गाठता येत नाही.